आवाज बंद करून मिळेल

मी एक जुनी जीप आहे आणि मला राग आलेला आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. म्हणजे म्हातारी गाडी आता गोडगोड आठवणी सांगेल, या आशेवर मित्रांनो, तुम्ही बसायला नको.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि तरुणपण जंगलखात्यात गेलं. दगड, ओढे, चिखल हेच माझं रोजचं काम. साध्या मोटारीची दोनच चाकं जोर लावतात, उरलेली दोन नुसती सोबतीला असतात. माझी चारही कामाला लागतात. त्यासाठी माझ्या पोटाखाली दोन लोखंडी दांडे आहेत, त्यांना शाफ्ट म्हणतात. एक मागच्या चाकांना फिरवतो, दुसरा पुढच्यांना. चढ अवघड आला की चालकानं मोठ्या गिअरशेजारचा छोटा गिअर ओढायचा, मग पुढची चाकंही जोर लावतात.

पुढे लिलावात डॉक्टरीणबाईंनी मला घेतलं. त्या जनावरांच्या डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांत कुणाची गाय अडली, कुणाची शेळी फुगली, की आम्ही निघालोच. "जीप आली म्हणजे डॉक्टर आल्या," असं लोक म्हणत. मला ते फार आवडायचं. नऊ वर्षांत मी एकदाही वाटेत बसले नाही.

मग पुढच्या शाफ्टचा सांधा झिजला आणि मी खट्ट खट्ट वाजू लागले. ती माझी तक्रार होती. मला दुसरी भाषा येत नाही.

आमच्या रस्त्यावर दुरुस्तीची दोन दुकानं होती. एक चुटकीवाल्या उस्तादांचं. कुठलंही काम सांगा, ते खुर्चीतून न उठता चुटकी वाजवून "झालं समजा" म्हणायचे. दुसरं एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथले मिस्त्री पाण्याचे पंप आणि गाड्या दुरुस्त करत. काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच, "बघावं लागेल." म्हणून लोकांनी त्यांचं नावच बघावंलागेल ठेवलं होतं. त्यांच्याकडे गाडी टाकली तर परत घ्यायला नातवंडं जातील, अशी चेष्टा चाले. डॉक्टरीणबाईही त्यावर हसायच्या. साहजिकच त्या मला उस्तादांकडे घेऊन गेल्या.

"जरा हा आवाज बंद करून द्या," बाई म्हणाल्या.

"संध्याकाळी घेऊन जा. परत आवाज आला तर मिशी उतरवीन."

"पण नेमकं झालंय काय?"

"ते आमच्यावर सोडा की, ताई."

मित्रांनो, त्यांनी काय केलं माहीत आहे? नट काढून माझा पुढचा शाफ्टच उतरवला आणि दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवला. बाळ रडतं म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवावा, तसला हा इलाज. आवाज अर्थातच बंद झाला. सपाट रस्त्यावर मी दोन चाकांवरही पळते, त्यामुळे बाईंना काही कळलं नाही. "अगदी नवी झाली की गं!" म्हणून त्यांनी मला थोपटलं. मला ओरडायचं होतं, पण ओरडायचीच सोय काढून घेतली होती.

बाराव्या दिवशी वरच्या वस्तीवरच्या काकूंचा निरोप आला. त्यांची एकुलती एक गाय अडली होती. सकाळी पाऊस पडून गेलेला, शेवटच्या चढावर लाल चिखल. बाईंनी छोटा गिअर ओढला. मागची चाकं गरगर फिरून जमिनीत रुतली, पुढची मेल्यासारखी उभी. बाईंनी पुन्हा पुन्हा गिअर ओढला, मग बॅग खांद्याला अडकवून त्या चालत निघाल्या. पोचायला तासभर लागला.

वासरू वाचलं. गाय गेली.

दुपारी चार माणसांनी मला ढकलून वर आणलं. काकू गोठ्याच्या दारात बसल्या होत्या. त्या कुणावर चिडल्या नाहीत. "खालून गाडीचा आवाज ऐकला होता, बाई," त्या म्हणाल्या. "मग तो थांबला. म्हटलं, आल्याच आता तुम्ही."

बाईंचा चेहरा पडला. "ऐन वेळी गाडीनं दगा दिला, काकू. विकूनच टाकते तिला. पण मग मला वर येणं जमायचं नाही."

दगा! नऊ वर्षं राबल्यावर हा शब्द. अंगातलं तेल उकळलं माझं.

काकूंनी डोळे पुसले. "विकण्याआधी त्या बघावंलागेलना दाखवा. आमचा पंप त्यांनी केला होता. महिनाभर लावला, पण सहा वर्षं झाली, एकदा कुरकुरला नाही."

मिस्त्रींनी मला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारलं, "अडकली कुठं? तिथंच नेऊन बघावं लागेल." त्याच चढावर त्यांनी बाईंना गिअर ओढायला लावला, पुढच्या चाकांकडे टक लावून पाहिलं आणि सरळ चिखलात आडवे झाले.

"बाई, पुढचा शाफ्ट कुठाय?"

"म्हणजे?"

"कुणीतरी काढलाय. मी सांगतो म्हणून मानू नका, तुम्हीच वाकून बघा."

बाईंनी वाकून पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

तशाच चिखलाच्या कपड्यांनी त्या उस्तादांच्या दुकानात शिरल्या. शाफ्ट अजून भिंतीलाच टेकलेला होता.

"आवाज बंद झाला ना, ताई? तुम्ही तेवढंच सांगितलं होतं," उस्ताद म्हणाले.

मला सगळ्यात जास्त संताप इथं येतो, कारण तेवढंच सांगितलं होतं हे खरं होतं.

"वर चला माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या, "आणि हे काकूंना सांगा."

उस्ताद खुर्चीतून उठले नाहीत. बाईंनी शाफ्ट स्वतः उचलून आणला.

मिस्त्रींनी पाच दिवस लावले. झिजलेला सांधा कागदात गुंडाळून बाईंच्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल मारत अंगणात हजर. "शेवटचा नट आवळला की नाही, आठवेना. चैन पडत नाही." माझ्याखाली गेले. नट घट्टच होता. "आहे," एवढं म्हणून परत गेले. मित्रांनो, भरवशाचं दुकान शोधत असाल तर असा माणूस शोधा.

बाईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवून "चुकलं माझं" म्हटलं. मी त्यांना अर्धं माफ केलं आहे. उस्तादांना मुळीच नाही. त्यांच्या दारात आजही गाड्यांची रांग असते.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही गाड्या वाजतील. तेव्हा आवाज बंद करा, असं कुणाला सांगू नका. तो कशाचा आहे, ते विचारा. काय काढलं, ते दाखवायला सांगा. कपडे मळले तरी चालतील, पण वाका.

काकूंचं वासरू आता बाटलीनं दूध पितं. आम्ही दर आठवड्याला त्याला बघायला जातो. तो लाल चढ मी एका दमात चढते, वासरू दारात येऊन उभं राहतं आणि बाई हसतात. मला हसू येत नाही. त्या दिवशीही मी अशीच चढले असते.