टाळाटाळ, अकरा वेळा

‘टाळाटाळ’ हा शब्द मी स्वतः निवडला होता, हे आधीच सांगून टाकते. मागून कुणी उकरून काढण्यापेक्षा ते बरं.

जळगावात आमची सात माणसांची कंपनी आहे. आम्ही संगणकावर चालणारं एक ॲप बनवतो. ते कारखान्यातलं विजेचं आणि पाण्याचं मीटर वाचतं, गाड्यांच्या फेऱ्या बघतं आणि रोज सकाळी सुचवतं, आज काम असं करा म्हणजे पाणी, वीज, डिझेल वाचेल. आतली अक्कल दुसऱ्यांची. पडदा, रंग, बटणं आणि शब्द माझे. मी मृणाली, धुळ्याची. मला कुणी गप्प बस म्हटलं की माझं डोकं फिरतं, त्यामुळे हे काम बरं, असं घरच्यांना वाटायचं. संगणकाशी कोण भांडणार?

प्रत्येक सूचनेखाली दोन बटणं होती, ‘मान्य’ आणि ‘नंतर’. ‘नाही’ नव्हतं. आमचे मालक प्रेमराज सर म्हणायचे, “नाही समोर ठेवलं की माणूस तेच दाबतो.” जितक्या सूचना मान्य, तितके गुण वरच्या हिरव्या पानात दिसायचे आणि ते पान गिऱ्हाइकाला पुढे परदेशी व्यापाऱ्याला दाखवता यायचं. ‘नंतर’ दाबणाऱ्याच्या नावापुढे काय लिहायचं, असा प्रश्न आला तेव्हा रकान्यात नीट बसतो म्हणून मी ‘टाळाटाळ’ टाकला. मला तो फार आवडलाही होता.

पहिली चाचणी चोपड्याजवळ कौतिक नानांच्या पॅक हाऊसमध्ये झाली. तिथे केळीच्या फण्या कापून तुरटीच्या पाण्याच्या टाकीत धुतात, खोक्यात भरतात आणि माल आखातात जातो. टाकीवर चौदा बाया काम करतात आणि त्यांच्यावर ताईबाई. वीस वर्षं त्या हेच करतात. संगणकाची बटणं दाबायचं कामही नानांनी त्यांच्याकडेच दिलं होतं. पंधरा दिवसांनी अहवाल आला. गुण ब्याण्णव. खाली लाल अक्षरात एकच ओळ होती. ताईबाई, टाळाटाळ, अकरा वेळा.

नानांचा फोन आला. शुक्रवारी येऊन समोर दाखवा, पटलं तर माझ्या तिन्ही पॅक हाऊसला घेतो. आणि त्या बाईला शनिवारपासून घरी बसवतो.

मी गुरुवारीच गेले. माझ्या शब्दाने कुणाची रोजी जाणार असेल तर त्या माणसाचं तोंड तरी बघावं, एवढाच विचार होता. ताईबाईंनी मला चहा विचारला नाही. हाताला धरून थेट संगणकापुढे नेलं.

“हाई ‘मान्य’ शे, हाई ‘नंतर’ शे. मन्हं ‘नही’ कोठे शे?”

मी ‘नंतर’कडे बोट दाखवलं.

“हाऊ सांगस, टाकीनं पानी तीन दिन बदलू नका. मी कशी मान्य करू? आनि मी जलमभर ‘नंतर’च दाबू का?”

मग त्यांनी मला टाकीपाशी नेलं. सूचना एकदा पाळून बघा, असा नानांचा हुकूम होता म्हणून एका टाकीत तीन दिवसांचं पाणी ठेवलं होतं. केळीचा चीक उतरून ते गढूळ झालं होतं आणि वास मारत होतं. त्यातून काढलेल्या फण्यांवर काळे डाग होते. मागच्या अंगणात डागाळलेल्या फण्यांचा ढीग पडला होता आणि दोन म्हशी तो खात होत्या. आमच्या ॲपने वाचलेलं पाणी मोजलं होतं. ढीग मोजला नव्हता, कारण त्याला मीटर नव्हतं.

“आमना हात बी देख,” ताईबाई म्हणाल्या. बायांच्या बोटांची सालटी निघाली होती.

बाकीच्या सूचनांचं काय, असं मी विचारलं. गाड्या भरून सोडायची आणि शीतगृहाचं दार कमी उघडायची सूचना त्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केली होती. अकराच्या अकरा ‘नंतर’ या एकाच पाण्यासाठी होते. मला स्वतःची लाज वाटली आणि लगेच भयंकर राग आला.

दुपारी ऑफिसात बसून मी तिसरं बटण जोडलं, ‘नाही’. ते दाबलं की ‘का?’ विचारणारी एक चौकट उघडायची. टाळाटाळ हा शब्द खोडून टाकला.

प्रेमराज सरांनी पडदा पाहिला. “उद्या नानांसमोर हे दिसलं तर सोमवारी तू येऊ नकोस.”

“मग उद्या नीट बघून घ्या मला,” मी म्हटलं. नवा पडदा रात्रीच नानांच्या संगणकावर चढवून टाकला.

शुक्रवारी नाना खुर्ची ओढून संगणकासमोर बसले. प्रेमराज सर ब्याण्णवचं कौतुक सांगत होते. मी टाकीवर जाऊन ताईबाईंना बोलावून आणलं. ओल्या हातांनीच त्या आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि पाण्याच्या सूचनेखालचं ‘नाही’ दाबलं. चौकट उघडली. त्या बोलत गेल्या, मी टाइप करत गेले.

“पहिले चीक गळू द्या. फणी अर्धा तास पानावर पालथी ठेवा, मंग धुवा. दोन दिन पानी चाली, डाग बी नही.”

‘नंतर’ म्हणजे पुढे मान्यच, असं धरून ॲपने आधी गुण दिले होते; ‘नाही’ पडताच हिरव्या पानातले गुण धाडकन एकाहत्तरवर आले. प्रेमराज सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचा खिसा कापला.

नानांनी चौकटीतलं वाचलं. मग ताईबाईंकडे वळले. “इतला साल सांगं का नही?”

“इचारं कोनी?”

नानांनी पुन्हा हिरवं पान उघडलं.

“पण व्यापाऱ्याला दाखवायला तो ब्याण्णव बरा होता,” नाना म्हणाले.

“मिळेल नाना, आजच देतो,” प्रेमराज सर घाईने म्हणाले.

“मी देणार नाही,” मी म्हटलं. “तो आकडा खोटा आहे. मागे म्हशींपुढे पडलाय, बघून या.”

नाना खरंच उठून मागे गेले. परत आले तेव्हा त्यांनी कशावरही सही केली नाही. महिनाभर एका टाकीवर ताईबाईंच्या पद्धतीने काम करू, मग बघू, असं म्हणाले. शनिवारी ताईबाई कामावरच राहतील, हेही जाता जाता सांगितलं, फारशी मोठी गोष्ट नसल्यासारखं.

गाडीत प्रेमराज सर एवढंच बोलले. “सोमवारी येऊ नकोस.”

“येणार. काढायचं असेल तर कागदावर लिहून द्या आणि का काढताय तेही लिहा. खरं कारण.”

आज तिसरा सोमवार. त्यांनी अजून ते लिहिलेलं नाही. मी रोज दहाच्या ठोक्याला त्यांच्या केबिनसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसते.