दुधाच्या किटलीतले सात साप

मित्रांनो, मला एकदम नाकाशी नेऊ नका. माझ्या अंगाला दुधाचा वास येतो असे माझी मालकीण बातिमा म्हणायची आणि माशांचा येतो असे बाकी सगळ्या गावाचे म्हणणे होते. दोघांचेही खरे आहे. मी दहा लिटरची अ‍ॅल्युमिनियमची किटली, आता जुनी झालेली. एका कुशीला पोचे आले आहेत आणि झाकणाला खिळ्याने पाडलेली अकरा भोके आहेत. त्या भोकांबद्दल हल्ली मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच आपणहून सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. त्याच दिवशी माझ्यासारख्या शेकडो बहिणी जन्माला आल्या, तेव्हा त्याचे काही कौतुक नाही. मालगाडीतून आणि मग ट्रकमधून मी इली नदीच्या काठावरच्या या गावात आले आणि बातिमाच्या हाती पडले. ते दिवस माझ्या मानाचे होते. पहाटे तिच्या दोन गाईंचे दूध माझ्यात पडायचे. ती मला उकळत्या पाण्याने तीनदा विसळायची आणि कुंपणाच्या खुंटावर उपडी घालायची. शेजारणी म्हणायच्या, "बातिमाच्या किटलीत बघून केस विंचरावेत!" मी फुगून जायचे.

आमच्या लोकांत दूध, दही, लोणी या सगळ्याला 'पांढरं' म्हणतात आणि त्याला फार जपतात. सांडलेले दूध कोणी तुडवत नाही. घरात साप शिरला तर त्याला काठी मारत नाहीत. त्याच्या अंगावर थोडे पांढरे ओततात आणि दार उघडून जाऊ देतात. बातिमाने दोनदा असे साप पाठवले, दोन्ही वेळा माझ्यातल्याच दुधाने.

पुढे माझ्या झाकणाची कडी तुटली. गाडीत दूध डचमळून सांडू लागले आणि संकलन केंद्रावरच्या माणसाने मला परत पाठवले. बातिमाने नवी किटली आणली. मी दोन हिवाळे कुंपणाला लटकून काढले. चिमण्या माझ्यात डोकावायच्या आणि काही नाही असे बघून उडून जायच्या. तुम्हांला कधी कोणी असे विसरले असेल तर माझे दुःख तुम्हांला सांगायला नको.

बातिमाच्या नवऱ्याचे, झुमाशचे, माझ्याकडे लक्ष होते. तो इलीवर मासे धरायचा. त्याला जिवंत आमिष ठेवायला भांडे हवे होते.

"पांढऱ्याच्या भांड्यात तुमचे ते बुळबुळीत जीव घालणार?" बातिमा कडाडली. "जीभ तरी कशी रेटते हो तुमची?"

"अगं, दोन वर्षं ती टांगलेली आहे. भांडं रिकामं ठेवायचं, हा कुठला मान म्हणायचा?"

भांडण वर्षभर पुरले. शेवटी बातिमाने एक अट घातली. मेलेला मासा माझ्यात क्षणभरही राहता कामा नये. झुमाशने मान डोलावली आणि हातोडी-खिळा घेऊन माझ्या झाकणाला भोके पाडली. दुखले, पण मी बोलले नाही. कुठे तरी निघालो होतो ना आम्ही.

झुमाशचा बालमित्र ओस्पान. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, आणि आमच्याकडे एका वयाच्या माणसांना एकमेकांना वाट्टेल ते बोलायची मुभा असते. ओस्पान मला पाहून म्हणाला, "झुमाश लेका, मासे व्यायले का तुझे? धार काढायला निघालास ती!"

"तुझी म्हैस आटली तशी तुझी अक्कलही आटली," झुमाश म्हणाला. ओस्पानकडे म्हैस नव्हतीच.

झुमाशइतके जिवंत आमिष कोणाचे टिकत नसे. पाटाच्या दगडांखाली बोटभर लांबीचे, ठिपक्याठिपक्यांचे, सापासारखे वळवळणारे मासे असतात. नदीतला मोठा मिशाळ मासा त्यांच्यासाठी जीव टाकतो, कारण ते गळाला लावल्यावरही वळवळायचे थांबत नाहीत. झुमाश ते एकेक करून धरायचा. माझ्यात गर्दी होऊ द्यायचा नाही. मला सावलीत ठेवायचा, वरून ओले पोते टाकायचा आणि दुपारी निम्मे पाणी बदलायचा, तेही नदीचेच. विहिरीच्या गार पाण्याने मासे उलटे होतात. आणि माशाला हात लावण्याआधी तो दर वेळी हात ओला करायचा. दर वेळी. घाईत असला तरी.

आता मूळ गोष्ट. झुमाशच्या मुलाचे, दौरेनचे, लग्न झाले. सून गौहर ही वर डोंगरातल्या मेंढपाळांची मुलगी. लग्नात तिचा बाप तोक्तार भर पंगतीत झुमाशला म्हणाला, "व्याही, आमच्याकडे ज्याला चार पाय त्याला जेवण म्हणतात. तुमच्या माशाला पाय किती?" मांडव हसला. झुमाशही हसला. पण ते बोलणे त्याच्या घशात काट्यासारखे अडकून बसले. पुढे कित्येक दिवस आमिष बदलताना तो माझ्याशीच पुटपुटायचा, "येऊ दे त्याला. मिशाळ वाढीन. बोटं चाटायला लावीन."

तीन महिन्यांनी निरोप आला, व्याही शुक्रवारी दुपारी पहिल्यांदा घरी येत आहेत. झुमाशने जाहीर केले की मेंढी कापायची नाही.

"व्याह्यांना मेंढी नाही?" बातिमाने गालावर हात मारून घेतला. "अहो, मी तोंड कुठे दाखवू?"

"मेंढ्या तो रोज बघतो. मासा बघू दे."

दोन दिवस पाटात वाकून त्याने सात आमिषे जमवली, एकाहून एक चपळ. गुरुवारी संध्याकाळी ती घेऊन नदीवर जायचे ठरले. उन्हाळा चढला होता, म्हणून बुधवारी त्याने मला गोठ्याऐवजी घरात, ओसरीच्या गारव्यात आणून ठेवले. इथेच चूक झाली. मला घरात आणल्याचे त्याने कोणाला सांगितले नाही.

गुरुवारी सकाळी झुमाश ओस्पानबरोबर होडीच्या भेगा बुजवायला गेला. बातिमा मोठी कढई मागायला शेजारी गेली. गौहर घर झाडत होती. आईबाप येणार म्हणून तिने खिडक्यांच्या काचाही पुसल्या होत्या. कोपऱ्यात दुधाची किटली दिसल्यावर कुठलीही चांगली सून करील तेच तिने केले. घासायला म्हणून झाकण उचलले.

आत सात लांबुळके जीव एकमेकांत गुंतून वळवळत होते. तिच्या डोंगरात असले मासे नव्हते. तिला साप दिसले. घरात, आणि तेही पांढऱ्याच्या भांड्यात! तिने झाकण ढालीसारखे पुढे धरले. पण पोरगी किंचाळली नाही. तिने वाडगाभर दूध आणले आणि हळूच माझ्यात ओतले. मित्रांनो, किती वर्षांनी दूध! मग मला छातीशी धरून ती दाराबाहेर गेली आणि पाटाच्या काठी तिने मला अलगद आडवे केले.

"जा रे बाबांनो. आमचं काही वाईट चिंतू नका," ती म्हणाली. साती जण गेले.

बातिमा परतली तेव्हा गौहर हसतमुखाने सासूला म्हणाली, "अपा, घरात साप आले होते. सात! पांढरं घालून बाहेर सोडले."

बातिमाने माझ्याकडे पाहिले, आणि कढई घेऊन तिथेच बसली.

झुमाश ओस्पानबरोबर परतला आणि बातिमाने सारे सांगितले. त्याने मला उचलले, आत डोकावला, वास घेतला. त्याचे कान लाल झाले. तो तापट माणूस होता. त्याने मला उपडी केले आणि माझ्यावरच बसला. गौहर भिंतीला टेकून उभी होती. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर फारसे बोलत नाही, तेव्हा तिला माफीही नीट मागता येईना.

ओस्पान मात्र पोट धरून हसत होता. "सात सापांना दूध पाजलं! झुमाश, आता पुण्याई खूप, मासे शून्य. चल, माझी मेंढी घेऊन जा. उद्या मुकाट्याने काप. तोक्तार पुन्हा पाय मोजणार, दुसरं काय!"

"गप्प बस," झुमाश म्हणाला.

ओस्पानच्या त्या बोलण्यावरून गौहरला प्रथम कळले की मेंढी का नाही, मासा का हवा, आणि टोमणा मारणारा आपलाच बाप आहे. तिचा चेहरा पडला. झुमाश आत चहाला गेला तशी तिने मला उचलले, नदीचे पाणी भरले आणि पाटावर नेले. साप कुठे सोडले होते ते तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? बाह्या वर करून ती पाण्यात उतरली. ज्यांना साप समजून सकाळी घाबरली होती त्यांना ती दगडाखाली हात घालून चाचपू लागली. पहिला निसटला. दुसराही. मग मिळू लागले. पण ती एकेकाला धरून पदराने चिखल पुसायची आणि मग माझ्यात टाकायची. तीन झाले. थोड्या वेळाने तिन्ही उलटे तरंगले.

ती काठावर बसून रडू लागली. मलाही वाईट वाटले, कारण बातिमाची अट माझ्याच पोटात मोडली होती.

झुमाश मागे येऊन उभा होता, ते तिला ठाऊक नव्हते. त्याने आधी ते तीन मासे माझ्यातून काढून टाकले. मग तो खाली बसला आणि आपला हात पाण्यात बुडवून तिला दाखवला.

"हे बघ, मुली. त्यांच्या अंगावर बुळबुळीत पापुद्रा असतो. तेच त्यांचं वस्त्र. कोरड्या हाताने धरलं, कापडाने पुसलं, की ते निघतं. वरून काही दिसत नाही, पण जीव आतून जातो. आधी हात ओला. मग धर."

"अता, माझ्यामुळे..." ती सासऱ्याला म्हणाली.

"माझ्यामुळे. किटली घरात आणली मी, आणि सांगितलं नाही कुणाला. तू तर रीत पाळलीस." तो जरा थांबला. "तुला साप वाटले, तरी मारले नाहीस."

मित्रांनो, इतकी वर्षे मी त्याच्या हातात होते, पण त्या दिवशी मला त्याच्याबद्दल जे वाटले ते आधी कधी वाटले नव्हते.

ऊन कलेपर्यंत दोघांनी मिळून चार धरले. संध्याकाळी बातिमानेच गौहरला नदीवर पाठवले. "जा. सांडलंस तू, तूच भर," ती म्हणाली, पण हसत.

काठ जिथे पाण्याने पोखरला होता तिथे झुमाशने दोर टाकले. काठावर लवचीक फांदी रोवली, तिला दोर बांधला आणि दोरावर छोटी घंटी. पहिले आमिष त्याने लावले. पाठीच्या परामागे, कातडीच्या अगदी वरून गळ काढला, कण्याला धक्का न लावता. ते कासवाने नेले. दुसरे प्रवाहात निसटले. तिसरे कोणी तरी अर्धेच खाल्ले. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला. माझ्यात एक उरला.

"तू लाव," झुमाश म्हणाला.

गौहरने हात पाण्यात बुडवला. मग माझ्यात घातला. तिची बोटे माझ्या कुशीला लागली, गार आणि ओली. तिने त्याला असे धरले की तो वळवळायचा थांबलासुद्धा. गळ लावताना ती ओठ चावत होती. तो पाण्यात गेला तेव्हा अंगात सारा जोर होता त्याच्या.

माझ्यात नुसते पाणी उरले. इतकी रिकामी मी कुंपणावरसुद्धा नव्हते.

घंटी वाजली. एकदा, मग सारखी. झुमाशने दोर पकडला आणि त्याची कंबर लचकली. "अता, सोडा!" गौहर ओरडली. सासऱ्यावर ओरडण्याची तिची ही पहिली वेळ. तिने दोर पाठीवर घेतला, टाचा चिखलात रोवल्या आणि हट्टी मेंढ्याला ओढतात तसे ओढले. मेंढे ओढायला तिला कोणी शिकवायला नको होते. काठाशी डोके दिसताच तिने त्याच्या जबड्यात हात घातला आणि त्याला गवतावर खेचला. मासा तिच्या कमरेएवढा होता. तिच्या मनगटावर दातांच्या ओरखड्यांची रांग उठली.

शुक्रवारी तोक्तार जेवायला बसला. आमच्याकडे मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचे डोके ठेवतात. तो त्याचा कान कापून घरातल्या लहान माणसाला देतो. झुमाशने त्याच्यापुढे मिशाळाचे डोके ठेवले. मी दाराशी होते, मला सगळे दिसत होते.

तोक्तारने डोके इकडून तिकडे फिरवले. "व्याही, पाय नाहीत ते चालेल. पण याला कानही नाहीत! मी देऊ काय?"

"आधी खाऊन बघा," झुमाश म्हणाला.

त्याने खाल्ले. पुन्हा घेतले. तिसऱ्यांदा घेतले तेव्हा ओस्पानने झुमाशला कोपर मारले. तोक्तारने खरोखरच बोटे चाटली.

"धरला कुणी?"

तीन महिने झुमाश या प्रश्नाची वाट पाहत होता. हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. "मी" एवढे म्हटले की काटा निघाला असता.

"तुमच्या मुलीने," तो म्हणाला. "आमिषही तिनेच धरलं, गळही तिनेच लावला. मी बसलो होतो."

तोक्तारने हातातला घास खाली ठेवला. त्याने दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या गौहरच्या मनगटाकडे पाहिले. मग माशाच्या गालाचा मऊ तुकडा कापला, हात पुढे केला आणि म्हणाला, "ये. कान नाही तर गाल घे." घास त्याने स्वतः तिच्या तोंडात दिला. मग दुसऱ्या गालाचा तुकडा त्याने झुमाशला भरवला.

आता झुमाश नाही, बातिमा नाही. लोक हवेचा पंप बसवलेले प्लॅस्टिकचे डबे घेऊन नदीवर जातात आणि दुपारपर्यंत मेलेले मासे काठावर ओततात. मी गोठ्यात असते. पण बर्फ वितळून नदी गढूळ झाली की गौहर येते. तिचेही केस पांढरे झाले आहेत. ती मला विसळते, दुधाचे दोन थेंब माझ्या तळाशी टाकते आणि मग नदीचे पाणी भरते. विचारले तर म्हणते, सापांसाठी.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करा असे मी म्हणत नाही. माझे वय झाले. माझे मागणे एवढेच की कोणत्याही जिवाला हात लावण्याआधी तो हात ओला करा. मासा असो, नाही तर तुमच्या घरात नव्याने आलेले माणूस. कोरड्या हाताने काय निघून जाते, ते वरून दिसत नाही.