नावाच्या कडव्यासाठी ठेवलेली जागा

मी एक जुनी, नाव न पडलेली कॅसेट आहे. जुन्नरला दस्तगीरभाईंच्या दुकानामागच्या खोलीत मी भरले गेले, तेव्हा चारी भिंतींना गोधड्या टांगलेल्या होत्या. एसटीचा हॉर्न आत येऊ नये म्हणून. हीच 'कुकडी कॅसेट' कंपनी. माणूस एक, मशिनं दोन, गोधड्या अकरा. पण डिंगोऱ्यापासून आळेफाट्यापर्यंत लग्नात आमचीच गाणी वाजत.

मित्रांनो, माझ्या पाठीवर प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते मोडले, की माझ्यावर पुन्हा काही भरता येत नाही. दस्तगीरभाईंचा कायदा साधा होता. मोडलेली ती पक्की, न मोडलेली ती कोरी. नावाची चिठ्ठीसुद्धा पक्कीवरच चिकटायची.

घाटघरहून झुंबरबाई आल्या आणि माझ्यावर बारशाचा पाळणा गायल्या. असा पाळणा, की दस्तगीरभाई बटणावरचा हात काढायला विसरले. शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव येतं. तिथे मात्र बाई थांबल्या. मशीन चालूच राहिलं.

"नावाचं कडवं, मावशी?"

"पोर न्हाई तर नाव कुणाचं घालू? रिकामा पाळणा हलवत्यात व्हय रे? लेकीला दिवस गेल्यात. पोराचं नाव पडलं की येते. तवर जागा ठेव."

"ठेवली."

बाईंनी कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन माझ्या कोपऱ्याला लावलं. म्हणून माझी पाठ मोडली नाही, चिठ्ठी लागली नाही, एकही प्रत निघाली नाही.

पुढे बारसं झालं आणि झुंबरबाई नाव घेऊन आल्या. श्रेया. खोलीत डीजेवाली पोरं गाण्यावर ठोके चढवत होती.

"मावशी, आज मशीनला उसंत न्हाई. पुढच्या रविवारी या."

"मी या वयात डोंगर उतरून येते, आन् तुझ्या मशीनला उसंत न्हाई!" त्या शेवटच्या एसटीपर्यंत पायरीवर बसल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मग सीडी आली, मोबाईल आला आणि कंपनी बसली. उरलेल्या मशीनवर जीपमधून फिरवायच्या जाहिराती भरायचं काम राहिलं. एका दिवशी घाईत मी हाताला लागले. दस्तगीरभाईंनी माझी पाठ पाहिली. मोडलेली नाही, चिठ्ठी नाही, म्हणजे कोरी. कुंकू पुसट झालं होतं.

"चला चला चला! आळेफाट्यावर चपलांचा महासेल!"

त्याखाली झुंबरबाई कडव्याकडव्याने बुडत गेल्या. मला ओरडता आलं नाही. कॅसेटला स्वतःचा आवाज नसतो.

गेल्या वर्षी दस्तगीरभाईंचा सत्कार झाला. 'तालुक्याचा आवाज जपणारा माणूस.' शाल, नारळ, पेपरात फोटो. तो फोटो पाहून श्रेया दुकानात आली. कुशीत तिची तान्ही लेक. आरोही हे नाव अजून पडायचं होतं.

"चाचा, आजी जाऊन सहा वर्षं झाली. तिचा फोटोसुद्धा एकच आहे, तोही आधार कार्डावरचा. परवा हिचं बारसं आहे. आजीच्या आवाजात पाळणा लावायचाय."

"अगं, कुकडीचं काय बी हरवत न्हाई!" म्हणत त्यांनी पक्क्या कॅसेटींचे खोके उपसले. मी नव्हते. शेवटी जाहिरातींच्या डब्यात हात घातला, चष्मा चढवला, आणि कुंकवाच्या डागावर त्यांचा अंगठा थांबला.

"काय झालं, चाचा?"

त्यांनी मला मशीनमध्ये घातलं.

"एका जोडीवर एक जोडी फ्री!"

श्रेया हसली. "चुकीची लावली वाटतं." दस्तगीरभाई हसले नाहीत. चपला संपता संपेनात. अगदी शेवटी खट् आवाज झाला आणि झुंबरबाई बोलल्या, "...नाव पडलं की येते. तवर जागा ठेव."

"ठेवली," तरुण दस्तगीर म्हणाला. पुढे नुसती खरखर.

"माझ्याच हातानं झालं, पोरी," म्हातारा दस्तगीर म्हणाला. "शेवटाला जागा हाये अजून. तुझ्या आवाजात नावाचं कडवं भरू का?"

"काय गाऊ, चाचा? मला येतं कुठं? कॅसेटीत आहे म्हणून घरात कुणी शिकलंच नाही."

तिने मला बाहेर काढलं आणि घराच्या किल्लीने माझे दोन्ही तुकडे मोडले. "आता पक्की," ती म्हणाली.

बारशाला मला वाजवलं. आजीचं बोलणं आणि एक 'ठेवली'. बाळाने मान वळवली. मग कुणीतरी मोबाईलवरचा पाळणा लावला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गाणारं असेल, तर ते अर्धंमुर्धं असतानाच भरून घ्या, आणि लगेच कॅसेटची पाठ मोडा. नाहीतर त्यांच्याजवळ बसून शिका. पुरं होण्याची वाट मी पाहिली. माझ्या अंगावर आता चपला आहेत.