जाळी जागेवर होती

अनंतने कागदाचा ताव ट्यूबलाइटसमोर धरला. पुन्हा तोच काळा ठिपका. त्याने ताव टेबलावर पसरून पट्टी लावली. ठिपके सारख्या अंतरावर होते, म्हणजे शेवटच्या रोलरलाच काहीतरी चिकटलं होतं. मुलुंडच्या त्या कागदाच्या कारखान्यात माल पास की बाद हे अनंत ठरवायचा, आणि हा माल संध्याकाळच्या ट्रकने जायचा होता.

तो मशीनपाशी गेला. रोलरवर धाकू होता. दोघे एकाच चाळीतले. अनंतला या कारखान्यात लावलं ते धाकूनेच.

"धाकू, रोलर पूस रे. डाग पडतायत."

"मशीन बंद करू?"

"तास जाईल त्यात. चालूवरच पूस, जपून."

हात आत जाऊ नये म्हणून लावलेली रोलरपुढची लोखंडी जाळी चार महिन्यांपासून नव्हती. धाकूने ओली चिंधी घेतली. अनंत पाठ वळवतो न वळवतो तोच त्याला धाकूचा आवाज ऐकू आला. ओरडणं नव्हे, ठसका लागावा तसा. मशीन थांबेपर्यंत उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत आत गेला होता.

चौथ्या दिवशी मॅनेजरने अनंतला केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. जाळी जागेवर होती, कामगाराने ती स्वतःच काढून आत हात घातला, असं त्यात होतं.

"ही चौकशी इथेच संपलेली बरी," मॅनेजर म्हणाला. "नाहीतर चालूवर पुसायला कोणी सांगितलं, तेही शोधावं लागेल."

सवयीने अनंतने कागद बोटांत चोळून पाहिला. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात गेला. धाकूचा हात कोपरापासून काढला होता. उशाशी त्याची बायको जानकी बसली होती.

"ये अनंता," धाकू म्हणाला. "ऑफिसातली माणसं येऊन गेली. कोणी पुसायला सांगितलं, विचारत होती. कोणी नाय, बोललो मी."

धाकूने पाय आखडून त्याला पलंगावर बसायला जागा केली.

"तुझी नोकरी जाऊन माझा हात थोडाच येणार? तू फक्त जाळी नव्हती एवढं सांग. तुझं ऐकतील."

"तेवढं सांगा भावोजी," जानकी म्हणाली. "नाहीतर सगळी चूक ह्यांच्यावर येईल."

अनंतने खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला.

"धाकू, मी काल सही दिली."

"कसली?"

"जाळी होती म्हणून."

जानकीने नवऱ्याकडे पाहिलं. धाकू डाव्या हाताने उशी वर ओढू लागला. ती येईना. अनंत पुढे झाला, तसा धाकू उशी सोडून भिंतीला टेकला.

"जानकी," तो म्हणाला, "साहेबांना चहा दे. त्यांना उशीर होत असेल."