दुसरा फोटो

हेमराजने कॉम्प्युटरच्या पोटातून एक हिरवी पट्टी उपसून काढली, शाळेच्या दप्तरात असतो तसला खोडरबर घेतला आणि तिची सोनेरी कड घासायला लागला. बाकावर माझ्याशेजारी बसलेली म्हातारी पुतळी एकदम पुढे वाकली.

“ए, पुसू नको! माझा नवरा हाय त्याच्यात.”

हेमराजचा हात थांबला. “आजी, मी नुसता मळ काढतोय. हिच्यात कोणी नसतं. ही रॅम. मशीन चालू आहे तोवरच हिला आठवतं, बंद केलं की सगळं विसरते. फोटो खाली, त्या डब्यात.”

“मंग डब्याला हात लावू नको,” पुतळी म्हणाली आणि पदर सावरून पुन्हा भिंतीला टेकली.

मला हसू आलं नाही. जव्हारला हेमराजच्या दुरुस्तीच्या दुकानात येताना सगळा रस्ता मी तो कॉम्प्युटर मांडीवर धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी उचलून धरत होते.

खोडाळ्याच्या बाजारात बाबांचं फॉर्म भरायचं दुकान आहे. दाखले, रेशनकार्ड, पेन्शन, शिष्यवृत्ती. फॉर्मला फोटो लागतो म्हणून त्यांनी कॅमेरा ठेवला होता. फॉर्मचा फोटो झाला की ते समोरच्याला उठू देत नसत. “हा सरकारचा झाला. आता एक घरचा,” असं म्हणून काहीतरी बोलून हसवायचे आणि दुसरा फोटो काढायचे. तो कोणी मागितलेला नसायचा. तो कॉम्प्युटरमध्ये ‘राहू दे’ नावाच्या फोल्डरमध्ये जायचा. पाड्यावर माणूस गेलं की घरचे दिवसकार्याच्या आधी दुकानात यायचे आणि हार घालायला तो दुसरा फोटो घेऊन जायचे. एरवी बाबा तो फोल्डर उघडून बघत नसत. म्हणायचे, जिवंत माणसांचं ते कशाला उघडायचं?

बाबांना जाऊन महिना झाला. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी नाशिकला ग्रंथालयात काम करते. रजा काढून आले ती अजून परतले नव्हते, कारण दुकानाच्या पायरीवर लोक येऊन बसायचे आणि आई त्यांना आत घ्यायची. काल पुतळी सूर्यमाळहून उतरून आली. तिचा नवरा सावळा तापाने गेला होता, उद्या त्याचा दिवस. मी कॉम्प्युटर चालू केला. त्याने लांब शिट्ट्या वाजवल्या आणि पडदा काळा तो काळाच राहिला.

“कार्डावर फोटो असेल ना त्यांचा?” मी विचारलं होतं.

“तो नाय तो,” पुतळी म्हणाली होती. “तो कोन तरी चोर हाय. नुसता धरून आनल्यावानी उभा.”

हेमराजने आता दोन पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर कंपनीचं स्टिकर होतं. दुसरी कोरी होती.

“ही मशीनबरोबर आलेली, कंपनीची. ही ठीक आहे. आणि ही कोरी, विनाकंपनीची, दिवाळीच्या सुमाराला काकांनी माझ्याकडूनच नेली. हीच गेलीय.” त्याने खण उघडला. “अशीच दुसरी आहे, आत्ता लावून देतो. कंपनीची पाहिजे तर नाशिकहून येईल, परवा. तुम्ही सांगा ताई.”

“फरक काय?”

“चालली तर काही नाही. कंपनीचीपण जाते, मी खोटं नाही बोलणार. पण ती तपासून येते आणि गेली तर बदलून मिळते. जन्मभराची वॉरंटी.”

“कोनाच्या जन्माची?” पुतळीने विचारलं.

हेमराजने कान खाजवला. “ते लिहिलेलं नसतं, आजी.”

“आणि विनाकंपनीची?”

“चांगली निघाली तर वर्षानुवर्षं चालते. वाईट निघाली तर कळतच नाही, ताई. एकदम बंद नाही पडत. मशीन चालू राहतं. दहा गोष्टी बरोबर लिहितं, अकरावी चुकीची. म्हणजे कॅमेऱ्यातून फोटो आत घेताना मध्येच बिघडतो.”

दिवाळीपासून बाबा जाईपर्यंत जो जो माणूस दुकानातल्या पांढऱ्या पडद्यासमोर बसला, तो या कोऱ्या पट्टीतून आत गेला होता.

“बाबांना सांगितलं होतंस हे?”

“सांगितलं होतं. म्हणाले, परवापर्यंत थांबता येत नाही. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख आहे, सूर्यमाळची माणसं चालत येऊन पायरीवर बसलीत, त्यांना परत जा म्हणून कसं सांगू? दे हीच.”

हे बाबांचंच बोलणं होतं. मला त्यांचा आवाज ऐकू आला आणि पहिल्यांदाच त्या आवाजाची भीती वाटली.

“सावळाकाकांचा फोटो कधी काढला होता?” मी पुतळीला विचारलं.

“पेन्शनच्या कागदाला. शिमग्याच्या आधी.”

शिमगा. म्हणजे दिवाळीनंतर.

हेमराजने एकटी कंपनीची पट्टी लावली. “हळू चालेल, पण चालेल.” पडद्यावर उजेड आला. ‘राहू दे’ उघडायला इतका वेळ लागला की मला वाटलं, नाही उघडलं तर बरं.

मी आधी जुना एक फोटो उघडला. नागलीचं पोतं खांद्यावर तसंच ठेवून हसणारा एक म्हातारा. पूर्ण. मग दिवाळीनंतरचा एक. तोही पूर्ण. मग पुढचा. त्या बाईच्या हनुवटीपासून सगळं हिरवं-गुलाबी होऊन एका बाजूला सरकलं होतं. मी तो झटकन बंद केला, पुतळीला दिसू नये म्हणून.

“मी उघडू का?” हेमराज हळूच म्हणाला.

“नको.”

सावळाचं नाव बाबांनी पाड्यासकट लिहिलं होतं. माझं बोट तिथे होतं आणि दाबत नव्हतं. पुतळी पडद्याकडे बघत होती, बस येण्याच्या दिशेला बघावं तशी.

मी दाबलं.

वरून फोटो उतरत आला. पांढरी टोपी. कपाळ. हसून बारीक झालेले डोळे, त्यांच्या कडेच्या सुरकुत्या. अर्धं नाक. आणि तिथे थांबला. खाली नुसता राखाडी रंग, गिलावा केलेल्या भिंतीसारखा.

“येतंय अजून?” पुतळीने विचारलं.

हेमराजने मान हलवली. “आत नाहीच ते. कॅमेऱ्याच्या कार्डात असेल तर?”

“बाबा कार्ड पुसून पुन्हा वापरायचे.”

मी फॉर्मचा फोटो शोधला. तो सापडला आणि पूर्ण होता. टोपी, डोळे, मिशा, ओठ, गळ्यापर्यंत बटणं. मी दोन्ही शेजारी लावले. “मावशी, हा सगळा आहे. हा काढून देते.”

“हा तोच चोर,” पुतळी म्हणाली. तिने अर्ध्या फोटोवर बोट ठेवलं. “ह्यो दे.”

“त्याला तोंडच नाही, मावशी.”

“हसतोय ना पन. मी तिथंच उभी होती. तुझ्या बापाने इचारलं, सावळू, खरं सांग, बायको मारते का? तर हा हसाया लागला आन् थांबंच ना.” “ह्यो दे.”

शेजारच्या स्टुडिओतून हेमराजने मोठी प्रिंट करून आणली. राखाडी भाग कापू का, असं त्याने विचारलं, तर पुतळी नको म्हणाली. “त्याची जागा हाय ती.”

“आणि रॅमचं काय करू, ताई?”

“परवाची मागव,” मी म्हणाले. “तोवर एकीवर चालवते.” कोरी पट्टी मी मागून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. त्याच्याकडे राहिली असती तर ती पुन्हा कोणाच्या तरी मशीनमध्ये गेली असती, असं मला वाटलं. बहुधा ते खरं नसेल.

परतीच्या जीपमध्ये मोखाड्याला लाडकी चढली. आमच्या खोडाळ्याचीच, बाबांच्या वयाची. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कपाळ, नाक, हनुवटी. तिचं पेन्शनचं काम जानेवारीत झालं होतं.

“आत्या, उद्या दुकानात ये. तुझा फोटो काढायचाय.”

“काढलाय की तुझ्या बापानं, देवानंदनं! हसताना. म्हनला, लाडके, हा तू मेल्यावरचा.” ती खळखळून हसली. मग तिचं हसणं थांबलं. “का गं बाय? त्या फोटूला काय झालं?”

जीपमधली बाकीची माणसं वळून बघायला लागली. मी सगळ्यांना ओळखत होते. त्यांच्यातल्या कितीजणांचा दुसरा फोटो आमच्याकडे होता आणि त्यातला कोणाचा कुठपर्यंत होता, ते मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर चूक बाबांची म्हणावी लागली असती, आणि त्यांचं नाव माझ्या तोंडाशी येऊन थांबलं होतं.

पुतळीच्या मांडीवर प्रिंट होती, चेहरा वर. तिने ती कोणाला कळणार नाही अशी पालथी केली.

“फोटूला काय होतंय?” ती लाडकीला म्हणाली. “पुढचा दात पडला ना तुझा? तवा होता. लोक वळखतील का तुला?”

लाडकीने तोंडाला पदर लावला आणि हसायला लागली. सगळी जीप हसली.

पुतळी खिडकीबाहेर बघत होती. पालथ्या कागदावर तिचा तळवा पसरलेला होता, आणि खोडाळा येईपर्यंत तिने तो उचलला नाही.