न दिसलेलं मिसाईल

"अंकल, मिसाईल जब छूटती है, तो दिखती कैसी है?"

सातवीतल्या मुलीनं विचारलं आणि नौदल दिनासाठी जमलेलं सभागृह पुढे सरकून बसलं. गळ्यातला हार सावरत चुडामण महाजनांनी माईक घेतला. त्यांचा उजवा कान गेलेला, म्हणून गरजेपेक्षा मोठ्यानं बोलतात.

"मैंने नहीं देखी, बेटा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

चुडामण सांगू लागले. मिसाईल बोट बारकी, या शाळेच्या पटांगणात मावेल एवढी. दोन्ही कडांना मिसाईलची दोन-दोन नळकांडी, पोटात चाळीसेक माणसं. सोडायची वेळ आली की डेकवर कुणी थांबत नाही. सगळे आत, दरवाजे बंद. ते तर आणखी खाली, इंजिनरूममध्ये. तिथं टर्बाइनपुढे कान निकामी, म्हणून पंजा रेलिंगवर ठेवायचा. बोटीला एकदम हिसका बसतो.

"हथेली को पता चलता है, कि गया."

मुलगी उभीच होती, तिला अजून विचारायचं होतं. पण प्राचार्य निरंजन सरांनी माईक ओढला. "ये है फौजी की विनम्रता!" म्हणाले, आणि आगीचे लोळ, चळाचळा कापणारा शत्रू, सगळं स्वतःच सांगून मोकळे झाले. टाळ्या कडाडल्या.

समुद्र बुऱ्हाणपुरापासून शेकडो किलोमीटर लांब. पण त्याच्यावरची लढाई इथं प्रत्येकाला पाठ. ज्या माणसानं बारा वर्षं उलट्या काढत ती बोट चालती ठेवली, त्याचं खरं यांना अळणी लागतं. मिसाईल सगळ्यांना पाहिजे. खाली तेलात बरबटलेला माणूस कुणालाच नको.

चुडामणची मुलगी अमृता त्याच शाळेत तात्पुरती शिक्षिका. वडिलांना तिनंच बोलावलं होतं, आणि तिला कायम करायचं की नाही हे सरांच्या हातात. घरी येताच तिनं पर्स पलंगावर आपटली.

"सर काय बोलले माहिती? 'मॅडम, आपके पापा नेव्ही में ही थे ना? या कँटीन में?'"

भाकरी थापता थापता शारदाबाईंनी मान वर केली. "मंग तू काय म्हणली?"

"काय म्हणू? मान खाली घातली."

"मान कायले घातली? म्हणाचं, त्यायचा कान कुठं गेला ते नेव्हीलेच विचारा!"

"पप्पा, थोडं बोलून देता ना. लाल दिसते, पिवळी दिसते, काहीबी. इतना तो चलता है."

"अन् त्या पोरीनं खरं मानलं असतं तं?" चुडामण म्हणाले.

अमृता पलंगावर टेकली. मग राग विसरून तिनंच विचारलं, "पण खरंच? कधीच नाही पाहिलं?"

"दरवाजे उघडून वर येऊ, तंवर काय राहे? नळकांड्यापाशी जळलेला रंग. बाकी पाणीच पाणी." ते हसले. "मलेच लय पाह्याचं व्हतं."

दोन दिवसांनी जुना सोबती चंदनचा व्हिडिओ आला. खाली लिहिलेलं, 'अपनी वाली.' सेवेतून काढलेली त्यांची बोट नौदलाच्या सरावात निशाणा म्हणून समुद्रात एकटी उभी केली होती.

अमृतानं फोन त्यांच्यासमोर धरला. राखाडी बोट हलकेच डुलत होती. उजवीकडून पाण्याला लगटून बारीक पांढरी रेघ आली. नुसती रेघ. मग बोट मधोमध फुटली.

"परत लाव."

तिनं लावला. बोट फुटायच्या आधी त्यांनी नखानं तिच्या मागच्या अंगाकडे दाखवलं. "हितं. खाली. हितं राहत व्हतो मी."

शारदाबाई पिठाच्या हातानं येऊन मागे उभ्या राहिल्या.

"पप्पा, सरांना पाठवू का? कळू दे त्यांना."

"सरांले नको. टाळ्या वाजवतीन ते." चुडामणनी फोन हातात घेतला. "त्या पोरीले सांग. म्हणा, अंकलनं पाह्यलं. बारकं दिसतं. दोऱ्यासारखं."

"आणि आवाज?"

त्यांनी आवाज पूर्ण वाढवायला लावला. चांगला कान पुढे केला नाही. पडदा तिच्याकडे करून फोनच्या पाठीला पंजा लावला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "लाव."