सहा थरांखालचे नाव

मी एक जुनी भिंत आहे. वाचनालयाची, घडीव दगडांची, पूर्वाभिमुख. मित्रांनो, ज्या पाथरवटाने मला रचले, त्याने एकाही दगडावर स्वतःचे नाव कोरले नाही. माझ्या आतल्या अंगास ग्रंथांची कपाटे आहेत. मधल्या मोकळ्या जागी वाचक पाठ टेकून बसतात. त्या साऱ्यांना कोरडे राखणे हेच माझे व्रत.

कालांतराने बाहेर लेखन सुरू झाले. प्रथम कोणी लाल अक्षरांत आवाहन लिहिले. मग जाहिराती आल्या, पुढे फवाऱ्याच्या डब्यांतील रंगांची वेडीवाकडी वेटोळी. आमचे नगरसेवक, ज्यांना सारे अण्णा म्हणत, या विद्रूपतेने व्यथित झाले. त्यांनी मला पांढरा तैलरंग देवविला. कोरी पाटी पाहून लिहिणारे पुन्हा आले. असे सहा वेळा घडले.

दगडालाही श्वास लागतो, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. ओल कोंडली आणि आत पाझरली. ग्रंथपाल बाईंनी बुरशी धरलेला शब्दकोश अण्णांपुढे ठेवला.

"अण्णा, तुम्ही बाहेर पांढरं करताय आणि आत हिरवं होतंय! रंग काढा, नाहीतर सगळी पुस्तकं जातील."

अण्णांनी मानले. सभेत त्यांनी नियमही संमत करविला: ज्याने भिंत रंगविली, त्यानेच ती स्वहस्ते खरवडावी. फवारे मारणारे दोघे सापडले. वृद्ध रंगाऱ्याच्या देखरेखीखाली ते खरवडू लागले. सहावा थर निघाला आणि खालून ती लाल अक्षरे प्रकटली. अण्णांचे नाव, आणि 'यांनाच निवडून द्या'.

दोघांपैकी एक, काम पाहायला आलेल्या अण्णांकडे वळून हसला. "काका, श्रीगणेशा तुम्हीच केला होता की!"

रस्त्यावर माणसे थांबली. निवडणूक महिन्यावर आली होती. अण्णांना निघून जाता आले असते.

"ती खरवडायची पट्टी इकडे दे," ते रंगाऱ्याला म्हणाले.

"अर्धं मी घासतो, अण्णा. नाव तुमचं, पण अक्षर माझं."

दुपार कलेपर्यंत दोघे खरवडत होते. अण्णांच्या तळहाताला फोड आले. लाली दगडात मुरली होती. तिची पुसट छटा आजही आहे. आतली ओल मात्र सरली. पुढे अण्णा निवडून आले की नाही, हे मला ठाऊक नाही. माझ्यावर कोणी ते लिहिले नाही.

मित्रांनो, माझ्यावर काही लिहावेसे वाटले, तर आधी तळहात टेकवून पाहा. पलीकडून त्याच दगडाला कोणीतरी पाठ टेकून वाचत बसलेले असते.